शहरातली दुसरी

(निजामाच्या अमलातलं औरंगाबाद. छावणीजवळ डॉक्टर नानासाहेबांचा दवाखाना. समोर ताहेरा आणि तिची सासू आबेदाबी.)

ताहेरा : हसू आवरंनाच मला, डाक्टरसाहेब. दुसरी सापडली.

आबेदाबी : बघा. आजारी माणूस असं हसतं व्हय? टांगा बाहेर उभा केलाय. तुम्ही एकदा नाटक म्हणा, इथूनच हिला खुलताबादला माहेरी धाडते. कायमची.

नानासाहेब : नाटक असं मी म्हणालो नव्हतो. डोळा जातो, परत येतो. पाय बधिर पडतो, परत चालतो. विलायती पुस्तकात याला स्क्लेरोसिस म्हणतात. पण तो थंड मुलखातला आजार. या शहरात मला एकही रोगी भेटला नाही.

आबेदाबी : म्हंजे नाटकच. आख्ख्या शहरात कुणाला नाय, आन हिलाच बरं झालं? माझी थोरली बहीण, राहत नाव तिचं, ती असंच करायची. गरम पाण्यानं न्हाली की म्हणायची, दिसंना. कामाच्या वक्ताला पाय गळायचे. मरेस्तोवर तेच.

ताहेरा : अवो, दुसरी सापडली म्हणते ना मी. गारखेड्याची द्वारकाबाई. बाहेर बाकावर बसवलीय.

नानासाहेब : कुठे सापडली?

ताहेरा : खुलताबादच्या दर्ग्यात. जुम्मेरातीला मन्नतीची साखर वाटत होती. म्हणलं, कशापायी? म्हणली, पाय परत आले. मागल्या साली डोळा परत आला म्हणून वाटली होती. मी साखर खाता खाता रडाय लागले, मग हसाय लागले, मग तीबी. मुजावर म्हणला, बायांनो, दर्गा हाय हा.

आबेदाबी : शिकवून आणली असंल.

नानासाहेब : थांबा. मीच बाहेर जाऊन बघतो.

ताहेरा : बघा की. अम्मा, पायऱ्या उतरताना तिचा डावा पाय उचलंना, माझा उजवा. हातात हात घातला, तर दोघींची मिळून एक बाई झकास चालली. टांगेवाला इचारत होता, भांग पिलात का.

आबेदाबी : बेशरम.

नानासाहेब : आबेदाबी, बघून आलो. मान खाली घाल म्हटलं, तर पाठीतून पायापर्यंत मुंग्या धावल्या म्हणते. ही त्याच पुस्तकातली खूण, ही कुणी शिकवू शकत नाही. आजवर ही बाई माझ्याकडे का नाही आली?

ताहेरा : बरं वाटल्यावर दवाखान्यात कोण येतं? माणूस साखर वाटाय जातं. कुणी पीराकडं, कुणी देवीकडं. तुमच्याकडं कोण वाटंल?

नानासाहेब : कुणीच नाही. आणि मी इथे बसून म्हणतोय, शहरात आजारच नाही. एका सकाळीत दोन झाल्या. विलायतेत कळवलं तर घाबरतील.

ताहेरा : घाबरू द्या. एकटीला लई कंटाळा आला होता.

नानासाहेब : पण ताहेराबी, यावर माझ्याकडे औषध नाही.

ताहेरा : औषध कोण मागतंय? अम्मांना एवढंच सांगा, ही खोटं बोलत नाय.

नानासाहेब : आबेदाबी, सून खोटं बोलत नाही. गरम पाण्यानं अंघोळ केली की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते, तेही खरं. कोमट पाणी द्या. भर उन्हात कामाला लावू नका.

ताहेरा : अम्मा? टांगा थांबलाय.

आबेदाबी : थांबू दे त्याला. डाक्टरसाहेब, तुम्ही मोजता तवा, गेलेली माणसं धरता का?