प्रताप नगरच्या तीनचाकीचा काळा प्लग

आपल्या मंडळाचे अध्यक्ष माननीय महादेवराव, प्रमुख पाहुणे गणपतराव, चिटणीस शोभाताई, खजिनदार दादाजी, ज्यांना आज निरोप द्यायचा ते फिरत्या दवाखान्याचे चालक नत्थूभाऊ, आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

टेलिफोन एक्सचेंजमध्ये माझं आयुष्य गेलं. दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण गप्प बसायचं, ही माझी नोकरी. आता मी निवृत्त आहे, तेव्हा बोलते.

आधीच्या वक्त्यांनी नत्थूभाऊंचा नम्र स्वभाव सांगितला, भिवापूरला जाऊन ते मिरचीच्या शेतात कसे रमतील तेही सांगितलं. ते का चाललेत, एवढंच राहिलं. उन्हाळ्यात आपल्या नगरातल्या रुख्मिणीला प्रसूतीसाठी इस्पितळात नेताना फिरत्या दवाखान्याची आपली तीनचाकी रेल्वे फाटकावर बंद पडली. तिचं बाळ गेलं. मंडळाच्या समितीने ठराव केला, 'चालकाचा निष्काळजीपणा.' मग गाडी विकायची ठरली, आणि आज ही शाल.

गाडी का बंद पडली, हे या व्यासपीठावर कुणी कधी विचारलं?

आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, यंत्रासोबत आलेलं पुस्तक आधी वाचावं. मी स्वतःची स्कूटर चालवलेली बाई आहे. तीनचाकीचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून ते मंडळात कुणी उघडलं नाही, मी उघडलं. या इंजिनाला पेट्रोलमध्ये मिसळूनच तेल द्यावं लागतं, आणि ते मापात. जास्त झालं की जळत नाही, प्लगवर काजळी धरते, ठिणगी पडत नाही. धावताना गाडी कशीबशी ओढते. उभी राहिली की मंद चालीत गुदमरते आणि मरते.

आता आपलं मंडळ पाहा. तेलाचा डबा महादेवरावांनी दान दिलेला. ते सकाळी फिरायला निघाले की गॅरेजपाशी थांबणार. "काहून गा नत्थू, तेल टाकलं का? इंजिन कोरडं पडलं तर तुलेच धरीन!" आणि स्वतःच्या हाताने टाकीत एक धार सोडणार. मागून दादाजी येणार, तेही सोडणार. अध्यक्षांनी सोडली हे त्यांना काय माहीत? दसऱ्याला शोभाताईंनी हळदकुंकू वाहिलं आणि गाडीला न्हाऊ घालावं तसं तेल ओतलं. मागून निळा धूर निघाला, तर म्हणाल्या, "बघा, कशी तृप्त झाली!"

मी नत्थूभाऊंवर ओरडले. ते म्हणाले, "बाई, साहेब लोकं टाकून राहिले. मी कोणाले नाही म्हणू?"

एकदा मी टाकी रिकामी करवली, मापाने मिश्रण केलं, नवा प्लग बसवला, इंजिन तापल्यावर मंद चालीचा स्क्रू लावला. गाडी उभ्या-उभ्या शिवणयंत्रासारखी चालत होती. महादेवराव आले, कान लावला आणि म्हणाले, "आवाज बारीक झाला वं ताई, ताकद गेली." दुसऱ्या दिवशी तेलाची धार पुन्हा सुरू. गाडी परत बंद पडू लागली, तेव्हा मंडळाने स्क्रू पिळून चाल वाढवली. आजार झाकला, म्हणजे बरा झाला!

मी म्हटलं, निदान एक जादा प्लग गाडीत ठेवा. दादाजींचा नियम असा की जुना प्लग जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. जुना प्लग तर इंजिनात! तो जमा करायला गाडी कपाटापर्यंत आली पाहिजे. दादाजी, हसू नका. त्या दुपारी नवा प्लग तुमच्या कपाटात कुलपात होता.

फाटक बंद होतं. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही, म्हणून नत्थूभाऊंनी ते चालू ठेवलं. उभ्या गाडीत प्लग तेलाने भिजला. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आपली गाडी मेली. यांनी प्लग काढून धोतराने पुसला, बोटं भाजली, इंजिन सुरू करायचा दांडा ओढून ओढून हात सोलले. शेवटी रुख्मिणीला बैलगाडीत घातलं. ती वाचली. आज तिला कुणी बोलावलेलं नाही.

या भाषणाने काही बदलेल, अशी मला आशा नाही. मघाशी दारात गाडी घेणारे गृहस्थ उभे होते. महादेवराव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "गाडी चांगली आहे जी. फक्त तेलाले हात आखडू नका."

नत्थूभाऊ, परवा तुम्ही मला म्हणालात, "बाई, माह्याच हातानं झालं." ते ओझं भिवापूरला नेऊ नका. शाल न्या, गरम आहे. हा तो काळा प्लग. तुम्ही फेकला होता, मी उचलला. हा मी अध्यक्षांच्या हारांशेजारी ठेवते. दादाजी, जमा करून घ्या.

वेळ जास्त घेतला, जीभही आवरली नाही. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. मंडळाने मला क्षमा करावी. नत्थूभाऊ, मंडळाला क्षमा करायची तुम्ही मात्र घाई करू नका.