लहान मेंदू

(सुरतेतल्या एका दवाखान्याचा व्हरांडा. कानबाई देवीच्या विसर्जनाचा सोमवार.)

सुषमा : हळू बोला, आई. आत तुमचाच गजू झोपलाय.

प्रमिलाबाई : उतरनी का नही त्यानी?

सुषमा : काय उतरायची? दारूचा थेंब नव्हता पोटात. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो दाखवला. मागे, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. तिथली नस बंद पडलीय.

प्रमिलाबाई : डॉक्टर गुजरातीत बोलना, तुले काय समजनं!

सुषमा : समजायचं ते समजलं. अंगाचा तोल तोच मेंदू सांभाळतो. म्हणून काल हे झोकांड्या खात होते. जीभही त्यानंच जड झाली.

प्रमिलाबाई : सगळी भाऊबंदकी जमेल व्हती. कानबाईना चौरंगवर पडता पडता वाचना. मग काय आरती ओवाळू त्यानी?

सुषमा : तोंडाचा वास तरी घ्यायचा! हाताला धरून जिन्यात नेऊन बसवलंत. रोटाचा प्रसाद म्हणजे घरच्या माणसाचा हक्क, तोही दिला नाहीत.

प्रमिलाबाई : पेल माणूसले रोट देतस का?

सुषमा : प्यायले नव्हते, आई!

प्रमिलाबाई : मग हाऊ कानबाईना कोप शे. गाडी खाले उभी शे. त्याले मी गावले, भगतकडे लई जासू.

सुषमा : हात लावून तर बघा. लहान मेंदूला सूज आलीय. त्याला लागूनच मेंदूचा देठ. श्वास, काळजाचे ठोके, सगळं तिथून चालतं. तो दाबला गेला तर वाटेतलं बारडोलीसुद्धा गाठायचे नाहीत हे. आज ऑपरेशन आहे.

प्रमिलाबाई : माय मी शे का तू?

सुषमा : तुम्हीच. म्हणून काल गप्प बसले. कानबाईचा उपास मीही धरलाय. तिच्या नावावर माझा माणूस मरू देणार नाही.

प्रमिलाबाई : मोठी शहाणी! आन् बाकीनं डोकं? तेबी गयं का?

सुषमा : मोठा मेंदू शाबूत आहे. विचार, आठवण, माणसं ओळखणं, सगळं त्याचं काम. सकाळी माझा हात धरला त्यांनी.

प्रमिलाबाई : म्हंजे... जिन्यामा मी त्याले जे बोलनू...

सुषमा : आठवत असणार.

प्रमिलाबाई : काही बोलना का तो?

सुषमा : जीभ वळत नाही अजून. ऑपरेशनला नेण्याआधी एकाच माणसाला भेटू देणार आहेत. जा तुम्ही.

प्रमिलाबाई : ...तूच जाय, माय. मी गाडीवालाले परत धाडी देस.