पोरगी राहते कुठं?

तारखांना पक्षकार कंटाळतात म्हणता, पण वकीलही कंटाळतो. फक्त त्याला कोणी विचारत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नवरा नगर जिल्ह्यातल्या देवळाली प्रवऱ्याचा, बायको रुसून माहेरी गेलेली, तिकडे बीड जिल्ह्यात, आष्टीला. मधे पाच वर्षांची पोरगी. तिनं कुणाजवळ राहायचं हा मुद्दा लांबच राहिला, अर्ज नगरला चालवायचा की बीडला यातच वर्ष गेलं. कायदा म्हणतो, मूल एरवी जिथं राहतं तिथलं कोर्ट. नवऱ्याचे वकील म्हणायचे, बापाचं घर तेच लेकीचं घर. मी बायकोचा वकील. मी म्हणायचो, पोरगी आष्टीत आहे, बीडला चला.

पुकारा होईपर्यंत तिघं नगरच्या कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसायची. ती भाकरी सोडायची, तो उसाचं कांडं सोलून द्यायचा, पोरगी बापाला म्हणायची, "दादा, आजून." नवरा-बायको एकमेकांशी बोलायची नाहीत, पण जेवायची एकाच फडक्यावर.

शेवटी जज्जसाहेबही थकले. पोरीला जवळ बोलावून म्हणाले, "बाळ, तू राहतेस कुठं?"

तिनं खिडकीबाहेर बोट केलं. "त्या लिंबाखाली. तितं आई बी असती अन् दादा बी."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग नवऱ्याचे वकील उठले. "नोंद व्हावी साहेब, तो लिंब नगरच्या हद्दीत आहे."

आणि मी, सवयीनं, हरकत घ्यायला उभा राहिलो.