एकोणतीसवर थांबलेली मोजणी

सन्माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप देताना आमचीच जीभ जड होते आहे त्या आमच्या मोठ्या सिस्टर, त्यांचे यजमान आणि समोर बसलेल्या सर्व सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली आहेत. भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे, ते उद्या मी लावून देईन.

मी ऑपरेशन थिएटरमधला सहायक. शाळा नववीनंतर सुटली. जे काही येतं ते पाहून आलं, आणि डॉक्टरांनी टाकून दिलेली पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचून आलं. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण आज ज्या दिवसाबद्दल सांगणार आहे, त्या दिवशी हाच अभिमान एका बाईंच्या जिवावर उठला होता. अध्यक्षमहाशयांची परवानगी सकाळीच घेतली आहे. ते म्हणाले, "सांग, पण मला जरा सांभाळून घे." साहेब, घेतो. पण शस्त्रक्रिया तुमचीच होती.

आमच्याकडे रक्त टिपायला कापडी घड्या असतात. त्यांना आम्ही मॉप म्हणतो. प्रत्येक मॉपला एक्स-रेत दिसणारा निळा दोरा, पाचाचा एक गठ्ठा. वापरलेला मॉप मी स्टँडच्या आकड्याला टांगतो. पोट शिवण्यापूर्वी सिस्टर आणि मी दोघं मिळून ते मोजतो, आणि मोठ्याने मोजतो. हा नियम सिस्टरांचा. सगळे हसायचे. यजमान सांगतात, घरी जिना चढतानाही ही बाई पायऱ्या मोजते. हो ना, काका? बघा, मान हलवताहेत.

त्या दिवशी सिस्टरांचा घसा पार बसला होता. शब्द फुटत नव्हता. मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही त्रास घेऊ नका. मी मनात मोजतो, मला पुरे." एकोणीस वर्षांत माझी मोजणी चुकली नव्हती. तीस मॉप उघडले होते, तीस आकडे भरले होते. मी फलकावर तीस लिहिलं. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यांनीही हलवली. साहेबांनी शिवायला घेतलं. संपूर्ण खोलीत एकही आकडा कुणी उच्चारला नाही.

पेशंट म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक बाई. दुपारी सव्वाबाराला त्यांना शुद्धीवर यायच्या खोलीत आणलं. डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले म्हणून मी वाकलो. त्या म्हणाल्या, "एकोणतीस."

मी हसलो. भुलीत माणसं काहीही बोलतात. मी म्हटलं, "मावशी, तीस. मी मोजलेत." त्यांनी डोळे न उघडता पुन्हा सांगितलं, "एकोणतीस."

मागे वळलो तर सिस्टर उभ्या होत्या. चेहरा पांढरा. मला बाजूला सारून त्या थेट थिएटरमधल्या स्टँडकडे गेल्या आणि एकेक मॉप उलगडून पाहू लागल्या. शेवटच्या दोन आकड्यांवर त्यांचा हात थांबला. दोन्हीकडे अर्धा अर्धा मॉप होता. एक फाटून दोन झाला होता, आणि दोरा एकालाच होता. मी, दोऱ्यांचा हिशेब इतरांना शिकवणारा माणूस, एका कापडाचे दोन मोजले होते.

एक्स-रे झाला. तिसावा आत होता.

आता नातेवाइकांना काय सांगायचं? कुणीतरी म्हणालं, "फेरतपासणीला नेतोय म्हणा, विषय संपेल." कोण म्हणालं ते मी सांभाळून घेतो. सिस्टरांनी कागद घेतला, मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि बाहेर जाऊन त्या बाईंच्या नवऱ्यासमोर धरला. 'आमची चूक झाली. आत कापड राहिलं आहे. आम्ही आत्ताच काढतो आहोत.' त्या गृहस्थांनी ते दोनदा वाचलं. मग एवढंच विचारलं, "ती वाचेल ना?" सिस्टरांनी त्यांचा हात धरला, आणि तसाच धरून ठेवला. अहवालात त्यांनी लिहिलं, 'मोठ्याने मोजणी झाली नाही. जबाबदारी माझी.' माझं नाव कुठेही नव्हतं. ते मी दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतः घातलं.

बाई वाचल्या. आठव्या दिवशी टाके काढताना थट्टेनं म्हणाल्या, "तुमच्या साहेबांपेक्षा माझी टीप सरळ येते." आणि मग सहज विचारलं, "त्या मोजणाऱ्या बाई आज नाही आल्या?"

"कोणत्या बाई, मावशी?"

"अहो, माझ्या डोक्याशी उभ्या होत्या त्या. एकोणतीसपर्यंत मोजायच्या नि थांबायच्या. पुन्हा पहिल्यापासून. जरा चिडल्याच होत्या शेवटी शेवटी."

भूलतज्ज्ञ म्हणाले, भूल हलकी झाली की माणसाला ऐकू येतं. मान्य, पुस्तकात मीही वाचलं आहे. पण ऐकू येण्यासाठी कुणीतरी बोलावं लागतं ना? पेशंट सोडून त्या खोलीत बाई एकच होती, आणि तिला आवाज नव्हता. मी सगळं तपासलं. शेजारची खोली रिकामी होती, रेडिओ बंद होता. मला उत्तर मिळालेलं नाही. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "तू मोठ्याने मोज म्हणजे झालं."

आज सकाळी सिस्टर खाली किल्ल्या सोपवत होत्या, तेव्हा मी थिएटरमध्ये एकटाच मॉप लावत होतो. स्वच्छ ऊन होतं. पाचाचा गठ्ठा मनातल्या मनात मोजला. आणि जाणवलं की खोलीत कुणीतरी थांबलं आहे. आवाज नाही, सावली नाही. फक्त आपली वाट पाहिली जाते तेव्हा जसं वाटतं, तसं. मी गठ्ठा सोडला आणि पहिल्यापासून, मोठ्याने मोजला. मग खोली पुन्हा नुसती खोली झाली.

हे आज सांगण्याचं कारण आहे. उद्या नवं मोजणीयंत्र येतं आहे, आणि सूचनाफलकावर लागलं आहे की मोठ्याने मोजणं यापुढे ऐच्छिक. यंत्र जरूर आणा, त्याचं माहितीपत्रक मी वाचलं आहे, चांगलं आहे. पण सिस्टर उद्या नाहीत. उद्या सकाळी आठला त्या टेबलावर कुणीतरी झोपणार आहे. तो 'ऐच्छिक' शब्द खोडावा, एवढीच या निरोपाची भेट मी सिस्टरांसाठी मागतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. आमच्या खात्यात ते म्हणवत नाही. तेव्हा जे चुकलं असेल ते मला तोंडावर सांगा.

अध्यक्षमहाशय, आपण मान हलवलीत. त्या दिवशी मीही हलवली होती. साहेब, कृपा करून मोठ्याने.

धन्यवाद. आपलं 'हो' शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.