घोड्याला दिलेला लाडू

खरं सांगितलं, तरी माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. अमेरिकेत हर्नडनला धाकट्या बहिणीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. भाचीला, इराला, एक छोटं कॉलेज फार आवडलेलं. तिथे अभ्यासासोबत घोडेस्वारी शिकवतात. मेहुण्यांचं तोंड वाकडं, "तबेल्यात जाऊन डिग्री घेणार?" तरी बघायला म्हणून सगळे गेलो.

तबेल्यात इरा कोचबाईंशी बोलत होती. माझ्या पिशवीत डिंकाचे लाडू. मुक्या जनावरासमोर रिकाम्या हातानं उभं राहवेना, दिला एक. कोचबाईंना घोड्याच्या तोंडाला लागलेलं खोबरं दिसलं आणि त्या कडाडल्या, "हू फेड हिम?" काही खायला घालू नका, अशी पाटी माझ्या डोक्यावरच होती.

तेवढं इंग्रजी मला कळतं हो. पण चौथी शिकलेली बाई ना मी, काही न कळल्यासारखी छताकडे बघत राहिले. इरानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आय डिड. सॉरी."

त्या दिवशी तिला घोड्यावर बसू दिलं नाही. गाडीत मेहुणे म्हणाले, "साधी पाटी वाचत नाही आणि घोडे सांभाळणार! हे कॉलेज कॅन्सल."

तेव्हा कुठे मला कंठ फुटला. "अहो, लाडू मी दिला!"

"ताई, तिला पाठीशी घालू नका."

भल्याभल्यांना झाडणारी मी, नेमकी तबेल्यात मूग गिळून बसले. कॉलेज कुणामुळे हुकलं विचारा, त्या घरात अजून एकच नाव घेतात. इरा.