विहिणींचा द्रोण

मंडळी, आधी एक सांगा! बाईनं केलं तर कुळाला बट्टा, आणि बाप्यानं केलं तर 'जरा थकलो होतो हो' — असं कसं हे पाप? माणूस बघून लागतं होय? पखवाजवाले, हसू नका, तुम्हालाही विचारतोय!

ऐका तर. तापीकाठच्या एका गावात धुडकूआप्पा. माणूस देवभोळा, पण दिवेलागणीला 'चक्कर मारायला' निघायचे. चक्कर कुठं, ते गावाला ठाऊक! इकडे बायको वेणुबाई ताट झाकून बसलेली. नवऱ्याआधी जेवायचं नाही — आमच्यात तशी रीत!

यांच्या लेकानं, विलासनं, सातपुड्यातल्या पाड्यावरची रुमली पसंत केली. आईबाप निघाले सोयरीक पक्की करायला. दुपारची वेळ, अंगणात घोंगडी. रुमलीची आई सायकीबाई मोहाच्या दारूची घागर घेऊन आली, पानाचा द्रोण भरला, आणि दिला कुणाला? वेणुबाईंना!

आप्पा उडालेच! "अहो, हे काय? आमच्यात बायका शिवत नाहीत! कूळ बुडेल!"

सायकीबाई म्हणाली, "दोघी विहिणींनी एका द्रोणातनं घोट घेतला, की सोयरीक पक्की. नाहीतर मोडली. ही आमच्या पाड्याची रीत." मग भाबडेपणानं विचारलं, "तुमच्या कुळात कुणीच घेत नाही?"

वेणुबाई म्हणाल्या, "हे घेतात की. रोज!"

"मग व्याही कुळात धरत नाहीत का?"

हसा, हसा! आप्पा मात्र घोंगडीची दशी ओढत बसले.

विलासचा चेहरा पडलेला, रुमली दारात उभी. वेणुबाईंनी लेकाकडं पाहिलं. द्रोण उचलला, सायकीबाईनं खुणावलं तसे पितरांसाठी थेंब भुईवर सोडले आणि घेतला घोट! तोंड असं वाकडं झालं — "शी! अहो, ह्याच्यापायी माझं जेवण रोज गार झालं होय?"

सायकीबाईनं उरलेला घोट घेतला. सोयरीक पक्की! आप्पांनी लगेच हात पुढं केला. ती म्हणाली, "थांबा. घागर आमच्यात बाईच्या हातात. विहीणबाई, यांना देऊ?"

"द्या की," वेणुबाई म्हणाल्या. "मला मात्र भूक लागलीय. मी जेवते."

बसल्या! गरम भाकरी, उडदाची डाळ. नवऱ्याआधी, उभ्या जन्मात पहिल्यांदा! आप्पांनी भरलेल्या द्रोणाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण घास थांबत नव्हता. आप्पांनी द्रोण खाली ठेवला. शेजारी येऊन बसले, हळूच म्हणाले, "मलाही वाढा."

आता घरी जाऊन सांगू नका, बुवांनी बायकांना प्या म्हटलं! मुलूख बदलला की रीत बदलते — कुठं दोघं घेतात, कुठं कुणीच नाही, कुठं नुसते बापे. पण बापेहो, कुळाची लाज सगळी बायकोच्या पदरात बांधून तुम्ही मोकळे हिंडता, हे कुठल्या देवाला चालेल? इथनं उठलात की सरळ घरी जा. कोपऱ्यावर वळू नका. घरी एक ताट झाकलेलं असेल. ते गरम आहे तोवर पोचा.