मुख्य निर्यात

...आणि वर हेडमास्तर मलाच सांगतात, "मास्तर, पंखा दुरुस्त होणार नाही, खिडकी उघडा!" अहो, खिडकी उघडली की बाहेरची गरमी आत येते, लावून घेतली की आतली बाहेर जात नाही, माणसानं करायचं काय? आणि अशा भट्टीत उभं राहून मी शिकवतो काय, तर भूगोल! तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं एकच धडा, 'आपला देश : भूमी, लोक आणि अर्थव्यवस्था'. झोपेतून उठवा, म्हणून दाखवतो. आपला देश उष्ण कटिबंधात वसलेला असून निसर्गाने त्याला भरभरून दिले आहे! दिलंय की, नाही कोण म्हणतंय? डास दिले, घामोळं दिलं, दरसाल पूल घेऊन जाणारी नदी दिली... वर्गात नकाशा आहे, त्यातलं उत्तरेकडचं पठार वाळवीनं खाल्लं. मी तक्रार केली, तर हेडमास्तर नाकातून म्हणतात, "असूं द्या हो मास्तर, खरं पठार तरी कुठं उरलंय? खाणवाल्यांनी नेलं!" म्हणजे नकाशा बरोबरच म्हणायचा! पण देश संपन्न आहे हं... पुस्तकात छापलंय तसं!

लोक. 'लोक कष्टाळू व हसतमुख आहेत.' हसतील नाही तर काय करतील? कॉफी पिकवायची आपण, आणि घरात उकळायची कसली, तर परदेशातून डब्यात बसून आलेली भुकटी! आपलीच कॉफी हो, फिरून आलेली. माहेरी आल्यासारखी, फक्त महाग होऊन!

तर माझी पोरगी. एकुलती एक. नर्स झाली, सरकारी दवाखान्यात लागली. एका कॉटवर दोन पेशंट, एकाचं डोकं तिथं दुसऱ्याचे पाय, आणि अख्ख्या वॉर्डात थर्मामीटर एक, तोही मोठ्या सिस्टरांच्या कुलपात! एक दिवस जेवताना हळूच म्हणाली, "बाबा, बाहेरच्या देशात अर्ज केलाय. मुलाखतीला बोलावलंय." माझा घास हातातच. मी हिच्याकडे बघतोय, आई आहे, रडेल, अडवेल... ही कसली! पाणी वाढत म्हणते, "जाऊ दे तिला. तुमच्या भूगोलात राहून काय करील?" माझ्या भूगोलात! जसा काही मीच घडवलाय हा देश!

गेलो तिच्याबरोबर वकिलातीत. काय सांगू, आत असलं गार, असलं गार... अर्धा माणूस तिथंच फितूर होतो! काचेपलीकडे एक बाई, अलीकडे पोरगी, मागच्या बाकावर मी. आणि मी मनात काय म्हणतोय? बाई, नापास कर हिला! एवढं एकदा ऐक, नापास कर! बाप आहे हो, खोटं कशाला बोलू?

बाई दातांत पेन धरून म्हणते, "हं, तुमच्या देशाबद्दल काहीतरी सांगा." अन् पोरगी सुरू! आमचा देश उष्ण कटिबंधात वसलेला असून... अहो, माझाच धडा! लहानपणी स्वयंपाकघरात बसून पाठ केलेला, माझ्याच हेलात! नद्या झाल्या, डोंगर झाले, लोक हसतमुख झाले, माझे ओठ आपोआप हलतायत. आणि बाई विचारते, "मुख्य निर्यात?"

पोरगी अडली.

अडली हो! देवानं ऐकलं! गप्प बसायचं होतं मला, बस्स, गप्प. काही करायचंच नव्हतं. पण मास्तरची जात... समोर पोर अडलंय आणि मास्तर गप्प? मागून ओरडलो, "कॉफी! केळी! लाकूड!" पहारेकरी धावला, "ओ काका, बसा खाली!" पोरगी वळली. माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. मग बाईला म्हणाली, "कॉफी, केळी, लाकूड... आणि आम्ही."

पुस्तकात नाही हो हे! मी शिकवलंच नाही कधी! बाई हसली आणि ठप्पकन शिक्का मारला. घरी आल्यावर ती खिडकीतून गल्ली बघत होती, मी तिच्याकडे. देश संपन्न आहे... पुस्तकात छापलंय तसं.

गेली. फोन करते. "बाबा, इथं प्रत्येक पेशंटला वेगळी कॉट आहे!" म्हणते, आणि रडते. कॉट बघून रडते की घर आठवून, मी विचारत नाही. मागून हिचा आवाज, "स्वेटर घातलास का गं?" जन्मात स्वेटर बघितलेला नाही हिनं!

बरं, ही गोष्ट गावभर झाली. मास्तरचा धडा पाठ असला की शिक्का बसतो! आता वर्गात बसायला जागा नाही. सुतार येतो, गवंडी येतो, माझ्या पोरीचे तिघं वर्गमित्र येतात आणि पाठ झालं की जातात, कायमचे. परवा एक पोरगी जाताना पाया पडली, म्हणाली, "सर, तुम्ही कधी जाणार?"

म्हटलं, "मी गेलो तर तुम्हाला पाठवणार कोण?"